खेकडा धरण फोडू शकतो का?

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. धरणाखालची भेंदवाडी लोंढ्यात सापडली आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. दोन दिवसांनी तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगितलं, की धरणाभोवती खेकड्यांचं प्रमाण वाढलं होतं आणि त्यामुळे गळती झाली. राज्यभर संताप उसळला. निषेध करणारे खेकडे हातात घेऊन रस्त्यावर उतरले, आणि खेकडा हा पुढे कितीतरी दिवस राजकारणातला टोमणा होऊन बसला.

या टिंगलीत मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खेकडा खरंच धरण फोडू शकतो का? कोकणात भातशेती करणाऱ्याला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटणार नाही. लावणी आटोपून तो घरी जातो आणि सकाळी येऊन बघतो, तर खाचरातलं पाणी उतरलेलं असतं. बांधाच्या खालच्या अंगाला एका भोकातून धार लागलेली असते. चिखलाचा गोळा दाबून तो भोक बुजवतो आणि कामाला लागतो. पण त्याचा बांध गुडघाभर उंचीचा. धरण पाच-सहा मजली इमारतीएवढं असू शकतं. बांधाला जे लागू पडतं ते धरणालाही पडतं का, हे समजायचं तर आधी धरणाच्या पोटात काय असतं ते पाहायला हवं.

वरून माती, आत रचना

महाराष्ट्रातली बहुतेक छोटी धरणं मातीची आहेत. बाहेरून बघणाऱ्याला गवत उगवलेली एक लांबलचक टेकडी दिसते. तिचा आडवा छेद घेतला तर आत वेगवेगळ्या कामाचे वेगवेगळे भराव दिसतात. मधोमध असतो चिकण काळ्या मातीचा गाभा. साइटवरचे लोक त्याला 'हार्टिंग' म्हणतात. पाणी अडवण्याचं खरं काम त्याचं. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं जाड कवच असतं, ते 'केसिंग'. मुरूम पाणी फारसं अडवत नाही, पण ओला झाला तरी उतारावर टिकून राहतो. नुसत्या काळ्या मातीचं धरण त्याच उताराला बांधलं तर पहिल्या-दुसऱ्या पावसातच घसरेल.

पाणी धरणातून वाट काढतं तसं धरणाखालूनही काढतं. म्हणून गाभ्याच्या खाली घट्ट थर लागेपर्यंत चर खणतात आणि तोही चिकण मातीनंच भरतात. पाण्याच्या बाजूच्या उतारावर लाटांचा मारा झेलायला दगडी पिचिंग असतं. बाहेरच्या बाजूला, पायथ्याशी, वाळू, खडी आणि दगड अशा चढत्या जाडीच्या थरांची निचऱ्याची सोय असते. धरणाचा हा सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग.

माती कुठली वापरली याइतकंच ती कशी दाबली यालाही महत्त्व आहे. माती पातळ थरांत पसरायची, त्यावर बेताचं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर टाकायचा. पाणी कमी पडलं तर ढेकळं तशीच राहतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. जास्त झालं तर माती रोलरखाली दबण्याऐवजी सरकते. यातली खरी कसोटी लागते घळभरणीत. दोन्ही काठांकडचा भराव आधी करून घेतात, आणि नदीपात्रातली मोकळी ठेवलेली घळ शेवटच्या उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, भरून काढतात. म्हणजे धरणाचा सगळ्यात उंच भाग सगळ्यात घाईनं उभा राहतो. त्या दोन-तीन महिन्यांत रोलर किती वेळा फिरला, हे पुढची पन्नास वर्षं धरणाच्या पोटातच राहतं.

झिरपतं सगळंच, वाहून काय जातं?

मातीचं एकही धरण पूर्ण कोरडं नसतं. चिकण मातीतूनही पाणी झिरपतंच, फक्त फार सावकाश. पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी वाहताना दिसलं म्हणून धरण फुटायला आलं असं समजण्याचं कारण नाही. उलट निचऱ्याचा थर आपलं काम करतोय याची ती खूण असते.

घात होतो तो पाण्याबरोबर मातीचे कण निघायला लागले की. झिरपणारं पाणी बाहेरच्या उतारावर जिथे उघड्यावर येतं, तिथे ते आजूबाजूचे कण सैल करतं. एक कण सुटला की त्याच्यामागचा कण उघडा पडतो, मग तो सुटतो. असं करत एक बारीक नळी तयार होते आणि ती बाहेरून आत, जलाशयाच्या दिशेनं वाढत जाते. ती जितकी आत जाते तितकी पाण्याची उरलेली वाट आखूड होते, त्यामुळे पाण्याचा जोर वाढतो आणि कण आणखी वेगानं सुटतात. इंजिनिअर मंडळी याला 'पायपिंग' म्हणतात. आपण 'नळी पडणं' म्हणू. नळीचं आतलं टोक पाण्यापर्यंत पोचलं की पुढचं काम काही तासांचं असतं.

हे तास किती कमी असतात, त्याचं नोंदवलेलं उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं आहे. टीटन हे सुमारे ९३ मीटर उंचीचं धरण पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ रोजी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास बाहेरच्या अंगाला गढूळ पाणी दिसलं. भोक बुजवायला पाठवलेले बुलडोझर त्याच भोकात गिळले गेले आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. ११ माणसं दगावली. एवढं उंच धरण जिथे पाच तास टिकलं नाही, तिथे छोट्या धरणाकडून फार वेळाची अपेक्षा धरता येत नाही.

नळी पडू नये म्हणूनच तो पायथ्याचा वाळू-खडीचा थर. त्याचं काम चहाच्या गाळणीसारखं चालतं. चहा गाळताना सुरुवातीला थोडी पूड कपात उतरते. मग जाड पत्ती जाळीवर बसते आणि जाळीतून सहज गेली असती अशी बारीक पूड त्या पत्तीमागे अडते. निचऱ्याच्या थरातही हेच होतं. मातीतले जाड कण वाळूच्या फटींपाशी अडकतात, त्यांच्यामागे बारीक कण अडतात आणि स्वच्छ पाणी पुढे जातं. यासाठी वाळू मातीच्या मानानं फार भरड असून चालत नाही. कार्ल टर्झागी या अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं प्रमाण बांधून दिलं. गाळणीतले बारीक कण मातीतल्या जाड कणांच्या साधारण चार-पाच पटींपेक्षा मोठे नकोत. हातात आली ती वाळू टाकून निचरा होत नाही, तो याचमुळे.

मग खेकड्याचं काय?

आता मूळ प्रश्नाचा हिशोब करू. समजा, एका धरणाची उंची २० मीटर आहे आणि माथ्याची रुंदी ४ मीटर. पाण्याकडचा उतार अडीचास एक आणि बाहेरचा दोनास एक धरला तर पायाशी धरण ९० मीटरहून जास्त रुंद भरतं. खेकड्याचं बीळ जेमतेम हात-दोन हात खोल. नव्वद मीटरच्या भरावात त्यानं एखादा मीटर पोखरला तर पाण्याची वाट तेवढ्यानं आखूड होते, म्हणजे जवळजवळ होतच नाही. गाभा शाबूत असेल आणि निचऱ्याचा थर चांगला असेल, तर तळाशी राहणाऱ्या खेकड्यांनी धरण पडणार नाही.

पण हाच हिशोब वरच्या बाजूला करून पाहा. पाणी माथ्यापासून दीड मीटरवर आलं असेल, तर त्या पातळीवर धरणाची रुंदी ११ मीटरही उरत नाही. तिथे दोन्ही अंगांनी बिळं असतील, त्यात घुशी आणि साळिंदरांची भर पडली असेल, वाळवीनं आतून पोकळ्या केल्या असतील, तर सुरक्षित अंतर झपाट्यानं कमी होतं. एरवी वर्षभर कोरडा राहणारा हा भाग नेमका मोठ्या पुरात, रात्री-अपरात्री पाण्याखाली येतो. म्हणून जगभरच्या धरण-देखभालीच्या पुस्तकांत बिळं करणाऱ्या प्राण्यांवर स्वतंत्र प्रकरणं असतात. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं तर मातीच्या धरणांवर प्राण्यांचा काय परिणाम होतो, यावर धरणमालकांसाठी वेगळी पुस्तिकाच काढली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खेकड्याला ओल लागते. पावसाळ्यात तो कुठेही दिसेल, पण भर एप्रिल-मे महिन्यात धरणाच्या बाहेरच्या उतारावर त्याची ताजी बिळं आढळली, तर ती जागा ओली का आहे हे आधी विचारायला हवं. बहुधा तिथे पाझर बाहेर पडत असतो. म्हणजे खेकडे आले म्हणून गळती झाली, याऐवजी गळती होती म्हणून खेकडे आले, असा क्रमही असू शकतो.

आणि क्रम कुठलाही असला तरी बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. ते दिसतं, मोजता येतं, खणून बुजवता येतं. बिळांनी धरण फुटलं असं कुणी म्हणालं, तर त्याचा खरा अर्थ एवढाच होतो की ती बिळं बराच काळ कुणी पाहिली नाहीत, किंवा पाहिली आणि तशीच सोडली.

सांडवा: धरणाचं आयुष्य इथे ठरतं

मातीची धरणं ज्या कारणांनी मोडतात त्यांत नळी पडणं हे एक. दुसरं तितकंच मोठं कारण म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. दगडी किंवा काँक्रीटचं धरण थोडा वेळ हे सहन करतं. मातीचं करत नाही. वरून पडणारं पाणी बाहेरच्या उताराला घळी पाडतं, घळी माथ्यापर्यंत चढतात, माथा खचतो आणि उरलेलं काम जलाशय स्वतःच करतो.

हे टाळायला सांडवा असतो. मोठ्या धरणांवर दरवाजे असतात, ते किती उचलायचे हे ठरवता येतं. छोट्या धरणाचा सांडवा बहुधा बिनदरवाजाचा, म्हणजे काठाला कापून काढलेला ठराविक उंचीचा उंबरठा. पाणी उंबरठ्याला टेकलं की आपोआप वाहतं. तिथे कुणी चावी फिरवायची नसते, आणि म्हणूनच आयत्या वेळी काही करताही येत नाही.

धरणाच्या भिंतीतून शेतीला पाणी सोडणारा विमोचक असतो, पण तो कालव्याच्या मापाचा. तिवरे धरणाची साठवण २५ लाख घनमीटरच्या जवळपास होती. कोयनेच्या हजाराव्या भागाहूनही ही कमीच. पण एवढं पाणी सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर, या वेगानं सोडायचं म्हटलं तरी जवळपास २९ दिवस लागतात. 'गळती दिसली तर पाणी सोडून द्यायचं होतं' हे बोलायला सोपं असतं. भर पावसात, वरून पाणी येत असताना, छोट्या धरणाला तो मार्ग बहुतेक वेळा नसतोच.

सांडव्याला किती पाणी पेलावं लागतं? धरणाच्या वर १० चौरस किलोमीटर पाणलोट आहे आणि तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरू. घाटमाथ्याजवळ ही काही अनोखी गोष्ट नाही. सगळं पाणी वाहून आलं तर ते होतं १० लाख घनमीटर, म्हणजे तीन तास सेकंदाला सरासरी ९० घनमीटरहून जास्त. एवढ्या पाण्याला वाट मिळाली नाही तर ते माथ्यावरून जाणार.

इथेच गावोगाव एक चूक होते, आणि ती भल्या हेतूनं होते. उन्हाळ्याला थोडं जास्त पाणी उरावं म्हणून सांडव्याच्या उंबरठ्यावर वाळूची पोती किंवा दगड रचतात. समजा, उंबरठ्यापासून महत्तम पूर पातळीपर्यंत दीड मीटर जागा होती. अर्धा मीटर पोती रचली की एक मीटर उरली. जागा एक तृतीयांशानं कमी झाली, पण सांडव्याची पाणी वाहून नेण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, कारण उंची वाढते त्याच्या दीड घातानं प्रवाह वाढतो. सांडव्यात वाढलेली झुडपं, मासेमारीची जाळी, पुढच्या चरात पडलेली दरड यांचाही परिणाम तोच.

सांडवा अपुरा पडला की काय होतं हे गुजरातेत मोरबीनं भोगलं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणावर सांडव्याच्या क्षमतेच्या अडीच पटींहून जास्त पूर आला. दगडी सांडवा जागच्या जागी उभा राहिला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. हजारो माणसं गेली. पुढे धरण पुन्हा बांधलं तेव्हा सांडवा कितीतरी पटींनी मोठा केला.

पूर अडवायचा तर जागा रिकामी हवी

'आमच्या वर धरण आहे, आता पुराची भीती नाही' असं पुष्कळजण धरून चालतात. हे अर्धसत्य आहे. पूर अडवतं ते धरणातलं पाणी नव्हे, धरणातली रिकामी जागा. जून महिन्यात तलाव अर्धा रिकामा असतो तेव्हा पहिला मोठा पूर त्यात सहज मावतो. ऑगस्टमध्ये तो काठोकाठ भरलेला असतो, तेव्हा उरते फक्त सांडव्याच्या वरची पट्टी. जलाशयाचा पसारा २५ हेक्टर असेल तर पाणी एक मीटर चढताना अडीच लाख घनमीटर तात्पुरतं सामावतं. वरच्या हिशोबातल्या पुराचा हा चौथा हिस्सा. पुराचा जोर त्यानं थोडा मंदावतो आणि शिखर उशिरा येतं, एवढंच.

निव्वळ पूर नियंत्रणासाठी बांधलेली धरणं म्हणूनच रिकामी ठेवतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहर १९१३ च्या मार्चमध्ये पुरात बुडालं. त्यानंतर तिथे १९२२ पर्यंत मातीची पाच धरणं उभी राहिली. त्यांना साठवण नाही. तळाशी कायम उघडे बोगदे आहेत, नदी एरवी त्यांतून सरळ वाहते. पूर आला की बोगद्यांत मावेल तेवढंच पाणी पुढे जातं, बाकीचं मागे चढतं आणि ओसरतं. आपल्याकडे पाणी साठवायचं आणि पूरही अडवायचा, या दोन्ही अपेक्षा एकाच तलावाकडून असतात. त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे निदान ठाऊक असलेलं बरं.

धरणाचा आणखी एक परिणाम डोळ्यांआड राहतो. वर धरण झालं की खालचा ओढा शांत होतो, पूररेषेचा विसर पडतो आणि पात्रालगत घरं उठतात. धरण तेच राहतं, पण ते फुटलं तर होणारं नुकसान दरवर्षी वाढत जातं. धरणाचा धोका त्याच्या उंचीवरून ठरत नाही. पहिल्या अर्ध्या तासात पाणी कुठल्या वस्तीपर्यंत पोचतं, त्यावरून ठरतो.

पोटातून जाणारी नळी

मातीच्या धरणातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे विमोचकाची नळी किंवा मोरी जिथून भरावातून आरपार जाते ती. तिच्या अंगालगत रोलर फिरवता येत नाही, माती हातानं चोपावी लागते. काँक्रीट आणि माती एकसारखी खचत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामध्ये फट पडू शकते, आणि पाण्याला एकदा फट सापडली की वर सांगितलेली सगळी साखळी सुरू होते.

पुणेकरांना याची किंमत ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा त्याचं काम पुरतं झालेलं नव्हतं. पाणी सोडण्याच्या मोरीचं कामही अर्धवट होतं, तरी तिच्यातून जोरानं पाणी वाहत होतं. मोरीच्या वरचा भराव खचत गेला. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून माथा उंच धरला, म्हणून धरण मध्यरात्रीऐवजी सकाळी फुटलं. त्या काही तासांनी किती जीव वाचवले याची मोजदाद करता येणार नाही. खालचं खडकवासलाही त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही.

धरण पाहायचं कसं

धरणाची तपासणी म्हटली की यंत्रं डोळ्यांसमोर येतात. छोट्या धरणाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम डोळे, पाय आणि एक वही यांवर भागतं. मात्र ठराविक वेळी आणि ठराविक क्रमानं पाहायला हवं: पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, तलाव पहिल्यांदा पूर्ण भरला की, आणि प्रत्येक अतिवृष्टीनंतर.

आधी माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. माथा कुठे बसला आहे का, भेगा आहेत का? धरणाच्या लांबीला समांतर भेग उतार घसरू पाहतोय असं सांगते. तलावाकडून गावाकडे, म्हणजे आरपार जाणारी भेग त्याहून वाईट, कारण ती पाण्याला सरळ रस्ता देते. मग आतलं पिचिंग: दगड निसटले आहेत का, मध्येच खड्डा पडलाय का? मग बाहेरचा उतार. मे महिन्यात सगळं गवत वाळलेलं असताना एखादाच हिरवागार पट्टा दिसला, तर तिथे पाय दाबून पाहायचा. झुडपं लहान असतानाच काढायची. मोठं झालेलं झाड मेलं की त्याची मुळं कुजतात आणि भरावात त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात.

शेवटी पायथा. इथे काचेची एक बाटली पुरते. पाझराचं पाणी बाटलीत भरायचं, तारीख आणि तलावाची पातळी चिकटवायची, आणि बाटली रात्रभर स्थिर ठेवायची. सकाळी तळाशी गाळाचा थर बसलेला असेल तर धरण आतून वाहून जात आहे. काही ठिकाणी पायथ्याच्या चरात इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच असलेली पत्र्याची पाटी बसवलेली असते. खाचेत पाणी किती चढलं, यावरून पाझर मोजतात. ही खाच मोठी फसवी आहे. पाण्याची उंची १० सेंटिमीटरवरून २० झाली तर पाझर दुप्पट झाला असं वाटतं, पण तो साडेपाच पटींहून अधिक झालेला असतो.

आकडा एकटा काही सांगत नाही, तुलना सांगते. तलाव भरत जातो तसा पाझर वाढला तर ते अपेक्षित आहे. पण गेल्या वर्षी ज्या पातळीला जेवढा पाझर होता, त्याच पातळीला यंदा तो जास्त भरला, तर भरावाच्या आत काहीतरी बदललं आहे. म्हणून ती वही हवी. ती नसेल तर दर वर्षीचा इंजिनिअर नवा आणि दर वर्षीची गळती 'नेहमीचीच'.

तिवरे आणि कारम

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाला गळती लागली. बांधकामातल्या दोषांवरून वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण गळती दिसताच खालची १८ गावं रिकामी केली, सैन्य आणि आपत्ती प्रतिसाद दल बोलावलं आणि पोकलेन लावून बाजूनं चर खोदला. त्या चरातून पाणी निघालं, भरावाचा मोठा भागही गेला. माणूस एकही दगावला नाही.

तिवऱ्यातही गळती आधी दिसली होती. धरणानं इशारा दोन्हीकडे दिला. फरक पडला तो इशारा ऐकल्यावर काय केलं, यात.

यासाठी आता कायदाही आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार मालक विभागानं दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची आहे, आणि धरण फुटण्याची वेळ आलीच तर कुणाला कसं हलवायचं याचा आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं साठवण १० लाख घनमीटर किंवा अधिक असणं, लांबी ५०० मीटर किंवा अधिक असणं, अशा काही अटींपैकी एक पूर्ण करत असतील तर त्यात येतात. १० मीटरच्या आतले गावतलाव आणि पाझर तलाव त्याच्या बाहेर राहतात, मग खाली वस्ती कितीही असो.

जबाबदारीही वाटलेली आहे. साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. गळतीचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो तिथून दुसरीकडे पाठवण्यातच पावसाळा सुरू होतो. म्हणून आपला तलाव कुणाचा, हे आधीच माहीत असावं.

थोडक्यात

• प्रत्येक मातीच्या धरणातून पाणी झिरपतं. स्वच्छ पाझरावर नजर ठेवायची, गढूळ पाझर दिसला तर धावपळ करायची.

• नळी बाहेरून आत वाढते. ती रोखतो तो पायथ्याचा वाळू-खडीचा निचरा.

• बिळं, झाडं, वारुळं यांनी धरण एका रात्रीत फुटत नाही. दुर्लक्षाच्या वर्षांत ती धोकादायक होतात.

• सांडव्यावर अर्धा मीटर पोती रचली तर त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

• छोटं धरण आयत्या वेळी रिकामं करता येत नाही, माणसं हलवता येतात.

• पाण्यात भोवरा, माथ्यावर नवा खड्डा, पायथ्याशी उसळणारी वाळू किंवा अचानक वाढलेलं गढूळ पाणी: यांतलं काहीही दिसलं तर अर्ज लिहीत बसू नका. खालच्या वस्तीला उंचावर हलवा आणि तहसीलदार व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला त्याच क्षणी फोन करा.

ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

खेकड्यावर जबाबदारी टाकणं जसं चुकीचं, तसंच सगळं सरकारवर सोडून तलावाकडे पाठ फिरवणंही चुकीचं. तिवऱ्याला गळती पहिल्यांदा दिसली ती गावकऱ्यांना, आणि तुमच्या गावच्या तलावाची गळतीही पहिल्यांदा तुम्हालाच दिसणार आहे. ती दिसल्यावर पुढे काय होतं हे कागदावर आणणं गावाच्या हातात आहे.

पावसाळा सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आपला तलाव कुठल्या विभागाकडे आहे? त्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि तिचा अहवाल कुठे आहे? सांडवा मोकळा आहे का? आणि रात्री अकरा वाजता धरण फुटायला आलं, तर खालच्या वाडीला कोण, कसं आणि कुठे हलवणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं विभागाकडून लेखी मागवा. चौथ्याचं उत्तर मात्र गावानंच तयार ठेवायला हवं.